कानपूरच्या भंगारातून उठलेली विमाने

अंजूरफाट्यावरून मानकोलीच्या दिशेने निघालेल्या प्रवाशास रस्त्याच्या दोहो बाजूंना गोदामांची न संपणारी रांग दिसते. कापडाच्या गाठी, औषधांची खोकी, यंत्रांचे सुटे भाग आणि अधूनमधून मोडीत निघालेल्या लोखंडाचे, तांब्याचे व ॲल्युमिनियमचे ढीग. या ढिगांकडे सामान्य माणूस एका नजरेने पाहतो आणि व्यापारी दुसऱ्या. व्यापाऱ्यास तेथे दोन भाव दिसतात; एक वजनाचा, दुसरा वस्तूचा. किलोच्या भावाने घेतलेल्या मालातून एखादी मोटार चालू स्थितीत निघाली, तर त्या दिवसाचा सौदा पदरात पडला असे समजतात. भिवंडी परिसरातील कोणत्याही पेढीवर हा हिशेब नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही.

हाच हिशेब स्वतंत्र भारताने आपल्या जन्मानंतर लगेच एकदा मांडला होता, आणि तोही चार इंजिनांच्या बाँबफेकी विमानांच्या बाबतीत. परकीयांनी जाणूनबुजून मोडून टाकलेल्या विमानांच्या ढिगातून भारतीय कारागिरांनी चाळीसच्या आसपास विमाने पुन्हा उडती केली. त्यांतील काही आज जगातील नामांकित संग्रहालयांत उभी आहेत. त्यांच्या पायाशी येऊन वृद्ध सैनिकांच्या मुली-नातवंडांनी डोळे टिपले आहेत. ही हकीकत आपल्या समाजाशी एका बाजूने फार जवळून जोडलेली आहे, म्हणून ती मुळापासून सांगणे योग्य होईल.

तानसा तलावाचे पाणी मुंबईस पोहोचविणारे अजस्र नळ भिवंडी तालुक्यातून जातात. त्या तानसाच्या कामाशी आणि बोरघाटातील रेल्वेच्या बोगद्यांशी ज्यांचे नाव ठेकेदार म्हणून जोडलेले आहे, ते सेठ वालचंद हिराचंद दोशी. २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरच्या दिगंबर जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. ‘जैन बोधक’ हे मासिक सुरू करणारे सेठ हिराचंद नेमचंद हे त्यांचे वडील. घराण्याचा धंदा सुताचा व सावकारीचा. परंतु वालचंद यांची दृष्टी पेढीच्या गादीवर स्थिरावणारी नव्हती. सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या रूपाने त्यांनी १९१९ साली ब्रिटिश जहाज कंपन्यांच्या मक्तेदारीस आव्हान दिले. पुढे विशाखापट्टणम येथे जहाजबांधणीचा कारखाना व मुंबईत मोटारींचा कारखाना उभारला. विमानांचा कारखाना हा या मालिकेतील सर्वांत धाडसी व्यवहार होता.

१९३९ साली अमेरिकेच्या दौऱ्याहून परतताना विल्यम पॉली नावाच्या अमेरिकन उद्योजकाशी वालचंद यांची गाठ पडली. पॉली चीनमध्ये चिआंग कै-शेक यांच्या सरकारसाठी विमाने जुळविण्याचा कारखाना चालवीत होते. चीनमध्ये जे होऊ शकते ते भारतात का होऊ नये, हा प्रश्न प्रवासातच निघाला. दिल्लीतील ब्रिटिश सरकारचा आरंभीचा प्रतिसाद थंड होता. युद्धाची झळ वाढली तसा तो बदलला. म्हैसूर संस्थानाचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी मात्र जमीन, वीज आणि भांडवल या तिन्ही बाबतींत हात पुढे केला. २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट लिमिटेड या कंपनीची नोंदणी झाली. अधिकृत भांडवल ४ कोटी रुपये. मार्च १९४१ मध्ये भारत सरकार तिसरे भागीदार झाले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हार्लो जातीचे पहिले शिकाऊ विमान आकाशात गेले.

वालचंद यांच्या वाट्यास हे वैभव फार काळ आले नाही. जपानी सैन्य ब्रह्मदेशातून पुढे सरकू लागताच सरकारने एप्रिल १९४२ मध्ये त्यांचा हिस्सा विकत घेतला. १९४३ पासून कारखाना अमेरिकी लष्करी विमानदलाच्या हाती गेला आणि तेथे विमाने बांधण्याऐवजी दुरुस्त होऊ लागली. कॅटॅलिना, डकोटा, मिचेल आणि लिबरेटर अशी नाना जातींची विमाने येत, त्यांची इंजिने उतरविली जात, साफ होऊन पुन्हा चढविली जात. संस्थापकाच्या दृष्टीने ही निराशा होती. पण कारागिरांच्या दृष्टीने पाहिले तर ती फुकट मिळालेली शाळा होती, आणि तिची फी किती मोलाची होती हे कळण्यास पाच वर्षे जावी लागली.

येथे लिबरेटर या विमानाची थोडी ओळख करून देणे आवश्यक आहे. अमेरिकेतील सॅन दिएगो येथील कन्सॉलिडेटेड कंपनीने रचलेले हे बी-२४ विमान. पंखांचा विस्तार ११० फूट, चार इंजिने, प्रत्येकाची शक्ती सुमारे १,२०० अश्वशक्ती, आणि दहाच्या आसपास माणसांचे दल. हेन्री फोर्ड यांच्या कंपनीने मिशिगन राज्यात विलो रन येथे या विमानासाठी एवढा मोठा कारखाना घातला, की उत्पादनाच्या शिखरकाळी सुमारे तासाला एक विमान बाहेर पडे. एकंदर १८,००० हून अधिक लिबरेटर तयार झाली. एका विमानात तीन लाखांहून अधिक रिव्हेट असत. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे. लांब पल्ला ही या विमानाची खरी ख्याती. म्हणूनच ते समुद्रावरील टेहळणीस आणि भारत-ब्रह्मदेशाच्या आघाडीवर विशेष उपयोगी पडले.

युद्ध संपले आणि ही विमाने नकोशी झाली. लेंड-लीज या व्यवस्थेखाली अमेरिकेने ब्रिटनला दिलेला युद्धसामान परत तरी करावयाचा, नाही तर निकामी तरी करावयाचा, अशी अट होती. बँकेच्या भाषेत बोलावयाचे तर तारण ठेवलेली वस्तू धनकोस परत नेण्याचा खर्च तिच्या किमतीहून अधिक होता. तेव्हा ती जागीच मोडावी हा व्यवहार ठरला. कानपूरजवळच्या चकेरी येथील तळावर शंभराच्या घरात लिबरेटर अशी गोळा झाली. ती नुसती सोडून दिली नव्हती. आतील उपकरणे फोडली होती, पत्र्यास कुदळीने भोके पाडली होती, इंजिनांत वाळू घातली होती. ती पुन्हा कोणी वापरू नयेत याची पूर्ण खबरदारी घेऊनच ब्रिटिश तेथून निघून गेले.

ऑगस्ट १९४७ नंतर थोड्याच महिन्यांत काश्मीरचे युद्ध पेटले. नवजात भारतीय विमानदलाजवळ जड बाँबफेकी विमान एकही नव्हते. मालवाहू डकोटातून बाँब ढकलण्याची वेळ आली. नवी विमाने विकत घ्यावयाची तर परकीय चलन हवे, आणि फाळणीने खिळखिळ्या झालेल्या तिजोरीत त्याची चणचण. अशा वेळी कोणाच्या तरी दृष्टीस चकेरीचा तो ढीग पडला. वालचंद यांच्या हातून निसटलेल्या, आता सरकारी झालेल्या बंगळूरच्या कारखान्यास विचारणा झाली: यातून काही निघेल काय?

या प्रश्नाचे उत्तर देण्यास कारखाना दोन कारणांनी समर्थ होता. एक म्हणजे लिबरेटरची अंतर्रचना तेथील लोकांनी युद्धकाळी आपल्या हातांनी उलगडली होती. दुसरे असे, की लिबरेटरचे ट्विन वास्प इंजिन हे डकोटा आणि कॅटॅलिना या विमानांच्या इंजिनांचेच भावंड. डकोटा तर भारतात शेकड्यांनी होती. युद्धानंतर नागरी कंपन्यांसाठी त्यांची दुरुस्ती हा बंगळूरचा रोजचा धंदा होता. म्हणजे जिन्नस अनोळखी नव्हता आणि सुटे भागही अगदी दुर्मीळ नव्हते. ज्या कामाकडे बाहेरचे लोक अशक्य म्हणून पाहत होते, त्याची अर्धी तयारी बंगळूरच्या शेडमध्ये आधीच झालेली होती.

तंत्रज्ञांची तुकडी कानपूरला गेली. त्यातल्या त्यात बरी दिसणारी विमाने निवडायची, एकाची शेपटी दुसऱ्यास, तिसऱ्याचे चाक चौथ्यास अशी जोडाजोड करावयाची आणि बंगळूरपर्यंतचा एक प्रवास सोसेल एवढीच डागडुजी उघड्या मैदानावर करावयाची, असा क्रम ठरला. खरी दुरुस्ती पुढे कारखान्यात. परंतु कानपूर ते बंगळूर हे अंतर दीड हजार किलोमीटरच्या आसपास. आणि एवढे धूड रस्त्याने नेणे शक्य नव्हते. ते उडवूनच न्यावयास हवे होते.

येथे जमशेद कैकोबाद मुन्शी यांचे नाव येते. विमानदलातील व कारखान्यातील मंडळी त्यांना जिमी म्हणत. कारखान्याचे ते परीक्षक-वैमानिक. लिबरेटर त्यांनी पूर्वी कधी चालविले नव्हते. वैमानिकांसाठीची माहितीपुस्तिका वाचून, यंत्रांची हालचाल जागेवर समजून घेऊन त्यांनी पहिले विमान धावपट्टीवरून वर उचलले. चाके आत ओढून घेण्याची यंत्रणा भरवशाची नसल्याने ती खालीच ठेवून, सावकाश, ते विमान बंगळूरला उतरले. त्यानंतर दुसरे, मग तिसरे. अशा एकंदर चाळीसच्या आसपास फेऱ्या झाल्या. विमानदलाच्या इतिहासकारांनी हा आकडा ४२ दिला आहे. अन्यत्र तो थोडा कमीही आढळतो. एकही फेरी अपघातात संपली नाही, ही गोष्ट मात्र सर्वत्र मान्य आहे. ज्या विमानाचा प्रत्येक सांधा संशयास्पद आहे त्यात बसण्यास दरवेळी नव्याने धैर्य लागते, आणि ते एकाच माणसाने वर्षभराहून अधिक काळ दाखविले. त्यांच्या नावाचा रस्ता किंवा चौक मुंबई-पुण्यात कोठे असेल तर तो फार थोड्यांस ठाऊक असावा.

याच सुमारास त्याच कारखान्यात कोल्हापूर भागातून आलेले डॉ. विष्णु माधव घाटगे हे वायुगतिशास्त्रज्ञ भारतीय बनावटीच्या पहिल्या शिकाऊ विमानाच्या आराखड्यावर काम करीत होते. जर्मनीतील गॉटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्यासारख्या आचार्यांच्या हाताखाली त्यांनी विद्या घेतली होती. त्यांचे एचटी-२ हे विमान ऑगस्ट १९५१ मध्ये प्रथम उडाले तेव्हा सुकाणूवर पुन्हा मुन्शीच होते. एका शेडमध्ये परक्यांचे मोडके विमान जिवंत होत होते आणि दुसरीकडे आपले पहिले विमान जन्मास येत होते. दोहोंचा जमाखर्च एकाच वहीत पडत होता.

नोव्हेंबर १९४८ मध्ये विमानदलाची ५ क्रमांकाची तुकडी लिबरेटर घेऊन उभी राहिली. स्वतंत्र भारताची ही पहिली जड बाँबफेकी तुकडी. महाराष्ट्राच्या दृष्टीने अधिक जवळची आहे ती ६ क्रमांकाची तुकडी. ती १९५१ साली पुण्यास लोहगाव येथे लिबरेटरसह नव्याने उभारली गेली आणि तिच्याकडे सागरी टेहळणीचे काम आले. पन्नाशीच्या व साठीच्या दशकांत पुण्याच्या पूर्व भागात राहणाऱ्या कुटुंबांना चार इंजिनांचा तो घुमारा परिचित होता. पहाटे निघालेले विमान अरबी समुद्रावर तासन् तास घिरट्या घालून परते. आत उष्णतेची सोय नाही, दाब राखण्याची सोय नाही, बोलणे ऐकू येऊ नये असा आवाज. पुढे एअर इंडियाकडून आलेली सुपर कॉन्स्टलेशन विमाने तुकडीत दाखल झाली. तरीही लिबरेटर १९६८ अखेरपर्यंत सेवेत राहिली. अमेरिकेने व ब्रिटनने त्यांना कधीच निरोप दिला होता. कानपूरला ज्यांचे पुस्तकी मूल्य शून्य धरले गेले होते, त्या यंत्रांनी त्यानंतर वीस वर्षे काम दिले. घसाऱ्याचे कोणतेही कोष्टक या हिशेबास पुरे पडणार नाही.

निवृत्तीनंतर मात्र एक नवल घडले. अमेरिकेत हजारोंच्या संख्येने बनलेली ही विमाने तेथे जवळजवळ सारी वितळवून टाकली होती. जगातील संग्रहालयांना जेव्हा लिबरेटर हवे झाले तेव्हा ते मागण्यासाठी भारताकडेच यावे लागले. कॅनडाने १९६८ साली एक विमान नेले. त्याच्या बदल्यात भारतीय विमानदलाच्या संग्रहालयास लायसँडर जातीचे जुने विमान मिळाले. वस्तुविनिमयाचा हा सौदा दोन्ही पक्षांस लाभला. १९६९ साली एक लिबरेटर उडत अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात टूसान येथे गेले व तेथील पिमा संग्रहालयात राहिले. १९७४ साली एक इंग्लंडला रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयास देण्यात आले. कानपूरच्या ढिगातून उठलेली यंत्रे महासागर ओलांडून, आपल्या इंजिनांच्या बळावर, ज्यांनी ती मोडली होती त्यांच्या घरी पोहोचली.

यांतील सर्वांत अद्भुत कथा एका वेगळ्या विमानाची आहे. १९४४ च्या ऑगस्टमध्ये टेक्सास राज्यातील फोर्ट वर्थ येथे तयार झालेले हे लिबरेटर ब्रिटिशांकडे आले, युद्धानंतर भारतात टाकले गेले, बंगळूरला दुरुस्त झाले आणि १९६८ पर्यंत भारतीय विमानदलात राहिले. त्यानंतर तेरा वर्षे ते भारतातच पडून होते. १९८१ साली डग अर्नोल्ड या ब्रिटिश संग्राहकाने ते सुटे करून इंग्लंडला नेले. १९८४ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील कॉलिंग्ज फाउंडेशनने ते विकत घेतले. आरंभीचा विचार असा होता, की बाहेरून रंगरंगोटी करून ते एका जागी उभे करावे. लिबरेटर चालविलेले जुने सैनिक पुढे आले आणि त्यांनी आग्रह धरला: आमच्या हयातीत ते एकदा उडालेले दिसू दे.

उभे ठेवण्याजोगे करणे आणि उडविण्याजोगे करणे यांत खर्चाचे व श्रमाचे अंतर केवढे असते, हे ज्यांनी जुना वाडा दुरुस्त केला आहे त्यांस थोडेफार उमजेल. रंग दिलेल्या भिंतीमागचे लाकूड कुजले असले तरी वाडा काही वर्षे उभा राहतो. विमानास ती सवलत नाही. पत्र्याच्या दोन थरांमध्ये साचलेला गंज बाहेरून दिसत नाही. तो पाहण्यासाठी रिव्हेट एकेक करून काढावे लागतात, पत्रा उचलावा लागतो, आतील फासळ्या तपासाव्या लागतात, आणि नवे रिव्हेट दोन माणसांनी, एकाने बाहेरून ठोकून व दुसऱ्याने आतून आधार देऊन, बसवावे लागतात. वर सांगितलेला तीन लाखांचा आकडा येथे आठवावा. सुकाणूच्या तारा, तेलाचे दाबनळ, विजेच्या तारा, रबराच्या टाक्या, काचा, टायर हे सारे नवे. फ्लोरिडा राज्यातील किसिमी येथे हे काम काही वर्षे चालले आणि सप्टेंबर १९८९ मध्ये ते विमान पुन्हा उडाले. जगात उडत्या स्थितीतील लिबरेटर तेव्हा एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही नव्हती.

त्यानंतर पुढील तीस वर्षे ते अमेरिकेच्या गावोगावच्या विमानतळांवर फिरले. त्यास तीन वेळा तीन नावे मिळाली. आधी ‘ऑल अमेरिकन’, मग ‘द ड्रॅगन अँड हिज टेल’, आणि २००५ पासून ‘विचक्राफ्ट’. युद्धातील तीन वेगवेगळ्या विमानांची ही नावे; त्या त्या आघाडीवर लढलेल्यांच्या स्मरणार्थ दिलेली. विमान जेथे उतरे तेथे चाकांच्या खुर्चीतून नव्वदीचे वृद्ध येत. कोणी शेपटीकडचा तोफची, कोणी बिनतारी चालक, कोणी दिशादर्शक. घरी ज्यांनी युद्धाविषयी चाळीस वर्षे अवाक्षर काढले नव्हते असे लोक त्या अरुंद पोटात शिरताच बोलू लागत, आणि त्यांची मुले प्रथमच ऐकत. हा अनुभव अशा विमानांच्या सांभाळकर्त्यांनी वारंवार नमूद केला आहे. ज्यांचे वडील परतलेच नाहीत अशी मुलेही येत. वडील जेथे बसत ती जागा हाताने चाचपून पाहत. फोटोत पाहिलेला माणूस केवढ्या जागेत बसून गेला, एवढेच त्यांना जाणून घ्यावयाचे असे.

मृतांच्या बाबतीत हा धागा भारताच्या भूमीवरही येऊन पोहोचतो. २५ जानेवारी १९४४ रोजी चीनमधील कुनमिंगहून आसामातील चाबुआकडे निघालेले ‘हॉट ॲज हेल’ नावाचे लिबरेटर आठ जणांसह हिमालयात नाहीसे झाले. २००६ साली क्लेटन कूल्स या अमेरिकन गिर्यारोहकास अरुणाचल प्रदेशच्या दुर्गम डोंगरात त्याचे अवशेष सापडले. मानवी अवशेष बाहेर काढण्याचे काम परवानग्यांच्या गुंत्यात अनेक वर्षे अडले; नातेवाईकांनी दोन्ही सरकारांकडे पाठपुरावा चालूच ठेवला. एप्रिल २०१६ मध्ये काही अवशेष अमेरिकेस सन्मानपूर्वक सोपविले गेले. त्यांतून लेफ्टनंट रॉबर्ट यूजीन ऑक्सफर्ड यांची ओळख पटली आणि जून २०१७ मध्ये जॉर्जिया राज्यातील त्यांच्या गावी, कॉन्कर्ड येथे, अंत्यसंस्कार झाले. त्र्याहत्तर वर्षांनी. त्यांचे आईवडील व भावंडे तोवर हे जग सोडून गेली होती. पुढच्या पिढीने, ज्यांनी त्यांना कधी पाहिले नव्हते अशांनी, खांदा दिला.

आता ज्या प्रश्नासाठी ही सारी हकीकत सांगितली त्याकडे वळणे भाग आहे. टूसान येथील विमान आज अमेरिकी रंगात आहे. कॅनडातील विमानावर कॅनडाचा रंग, इंग्लंडमधील विमानावर ब्रिटिशांचा. कॉलिंग्जच्या विमानाची तिन्ही नावे अमेरिकी. प्रत्येकाने आपापल्या सैनिकांचे स्मरण केले, त्यात वावगे काही नाही. वस्तू ज्याच्या घरी त्याचा रंग. परंतु युद्धात ही विमाने त्यांच्याकडे फार तर वर्षभर होती आणि भारतीय विमानदलात वीस वर्षे. त्या वीस वर्षांत त्यांतून उडालेले वैमानिक, दिशादर्शक, बिनतारी चालक, त्यांची देखभाल करणारे लोहगावचे फिटर, कानपूरच्या उन्हात इंजिनांतून वाळू काढणारे बंगळूरचे कारागीर, यांची नावे कोणत्या पत्र्यावर आहेत? बाहेरदेशी माहितीफलकावर भारताचा उल्लेख एखाद्या वाक्यापुरता येतो. तो दोष त्यांच्यापेक्षा आपला अधिक. आपण आपल्या माणसांकडून वेळीच काही लिहून घेतले नाही.

तरीही उशीर पूर्ण झालेला नाही. प्रत्येक उड्डाणसेवकाजवळ एक उड्डाणवही असे. इंग्रजांच्या पद्धतीची ही लॉगबुक व्यापारी घरातील माणसास परकी वाटणार नाही. डावीकडे तारीख, मग विमानाची जात व क्रमांक, मुख्य वैमानिकाचे नाव, कामगिरीचे स्वरूप, आणि शेवटी दिवसाचे व रात्रीचे तास वेगवेगळ्या रकान्यांत. पानाच्या तळाशी बेरीज. ती पुढच्या पानावर ओढलेली. महिनाअखेर गोषवारा आणि त्यावर वरिष्ठाची सही. रोजमेळ आणि खतावणी यांचेच हे आकाशातील रूप. पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव या भागांतील अनेक घरांच्या माळ्यावरील लोखंडी पेटीत अशा वह्या असणार. त्यांतील दुसऱ्या रकान्यात ‘एचई’ ही दोन अक्षरे व पुढे तीन आकडे दिसले, तर ते भारतीय विमानदलातील लिबरेटरचे चिन्ह असण्याचा संभव मोठा. इंग्लंडच्या संग्रहालयातील केएन ७५१ हे विमान भारतात एचई ८०७ होते. टूसानचे विमान एचई ८७७. आजोबांच्या वहीत यांपैकी एखादा आकडा निघाला, तर ज्या यंत्रात ते बसत होते ते यंत्र आजही उभे आहे आणि त्यास हात लावता येतो, असा त्याचा सरळ अर्थ होतो. अशी वही रद्दीत जाण्यापूर्वी तिची पाने उतरवून घ्यावीत आणि विमानदलाच्या संग्रहालयास कळवावे.

बाँब टाकणाऱ्या यंत्राचे एवढे कौतुक आपल्या घरांत वाचल्या जाणाऱ्या पानांवर कशासाठी, असे कोणी विचारील तर तो प्रश्न रास्तच आहे. लिबरेटरच्या पोटातून जे खाली पडले त्याने असंख्य घरे उद्ध्वस्त झाली आणि त्या घरांतील लोकांच्या मुला-नातवंडांना असे कोणतेही विमान पाहावयास जावेसे वाटणार नाही. संग्रहालयात उभ्या असलेल्या विमानाजवळ ही बाजूही सांगितली गेली पाहिजे. बहुतेक ठिकाणी ती पुरेशी सांगितली जात नाही. एवढे मात्र खरे, की पुण्याच्या लिबरेटरांचे बरेचसे आयुष्य समुद्रावर नजर ठेवण्यात गेले. आणि मोडके ते पुन्हा चालते करणाऱ्या हातांची गुणवत्ता त्या यंत्राच्या मूळ हेतूशी बांधलेली नसते. बंगळूरच्या ज्या कारागिरांनी कानपूरची विमाने उठविली, त्यांच्याच हातांनी एचटी-२ घडविले आणि रेल्वेचे डबेही बांधले. ८ एप्रिल १९५३ रोजी वालचंद यांनी देह ठेवला. तोवर त्यांच्या हातून गेलेल्या कारखान्याने हे सारे करून दाखविले होते. त्याविषयी त्यांना काय वाटले असेल, याची कल्पना हातचा चालता धंदा सोडावा लागलेल्या कोणासही करता येईल.

भारतात राहिलेले एक लिबरेटर दिल्लीस पालम येथील विमानदलाच्या संग्रहालयात आहे. क्रमांक एचई ९२४. संग्रहालयाच्या इमारतीत त्यास जागा पुरली नाही, म्हणून ते बाहेर उघड्यावर उभे असते. त्यावरील रंग भारतीय आहे. मालखरेदीसाठी किंवा लग्नकार्यासाठी दिल्लीस जाणाऱ्यांनी संग्रहालयाचे सुटीचे वार आधी विचारून घ्यावेत आणि मुलांना बरोबर न्यावे. विमानाच्या कुशीशी उभे राहिले म्हणजे पत्र्यावर रिव्हेटांच्या ओळी दिसतात. त्यांतील कोणत्या अमेरिकेत ठोकल्या आणि कोणत्या बंगळूरला, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही.